न्हाणीघर शांत हवं, पण सुरुवात कुठून करायची?

घर आणि न्हाणीघर यांबद्दल आलेल्या पत्रांतली नऊ या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेकांची अडचण एकच: फोटो ढीगभर जमवले, निर्णय मात्र होत नाही. म्हणून पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधलं ५ बाय ७ फुटांचं बाथरूम नवीन करायचं आहे. मोबाईलवर दोनशेच्या वर फोटो साठवलेत. रोज नवीन काहीतरी आवडतं आणि कालचं नकोसं वाटतं. आत गेल्यावर निवांत वाटावं एवढीच इच्छा आहे. काय बघून ठरवावं? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : आधी त्या फोटोंची गोम लक्षात घ्या. ते बहुतेक रुंद भिंगाने काढलेले असतात, त्यामुळे आठ फुटांची खोली बारा फुटांची दिसते. त्यात बादली नसते, तांब्या नसतो, दारामागे टांगलेला टॉवेल नसतो. पावसाळ्यात आत वाळत घातलेले कपडे तर नाहीतच. बेळगावात जून ते सप्टेंबर या चार गोष्टींशिवाय चालणारं बाथरूम अजून कुणी बांधलेलं नाही.

दोनशेतले दहा ठेवा, बाकीचे पुसून टाका. प्रत्येकाखाली एकच शब्द लिहायचा, पण ‘छान’, ‘मस्त’ नाही. वस्तूचं नाव लिहायचं: खिडकी, दगड, कोनाडा, पितळी नळ, कोरी भिंत. दहा शब्द झाले की काही गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. बहुधा त्या तीनच असतात. उजेड एका बाजूने आणि मऊ येतो, फरशी आणि भिंत एकाच रंगकुळातली असते, आणि नजरेसमोर बाटल्यांची रांग नसते. या तिन्ही गोष्टींना महागड्या टाइल्स लागत नाहीत.

मग मोबाईल ठेवून हाताने स्पर्श करता येईल अशा जागा बघा. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जुनं जैन मंदिर, तुमच्यापासून लांब नाही. सन १२०४ मधलं हे काम. छतात उमललेलं दगडी कमळ, खाली घोटीव खांब, पायाखाली साधा दगड. आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते, कारण बघण्याची मुख्य जागा एकच ठरवलेली आहे. पस्तीस चौरस फुटांच्या खोलीतही हेच करायचं. एक भिंत किंवा एक वस्तू बोलकी, बाकी सगळं गप्प. बेसिनमागची तीन फुटांची पट्टी नक्षीदार टाइलची घेतली, तर उरलेल्या भिंतींवर हायलायटर, बॉर्डर, फुलं यांतलं काहीही नको.

दुसरी जागा म्हणजे कुणाच्या तरी आजोळचं न्हाणीघर. उतारावर बसवलेला काळा दगड, कोपऱ्यात तांब्याचा बंब, भिंतीत कोनाडा, वरून झिरपणारा उजेड. त्यातला कोनाडा तुमच्या बाथरूममध्ये सहज येईल आणि स्टीलचं जाळीदार रॅक वाचेल. १२ इंच रुंद, १२ इंच उंच आणि ४ इंच खोल पुरतो. तळाला बाहेरच्या बाजूला २-३ मिलिमीटर उतार द्या, नाहीतर साबणाचं पाणी साचून तिथे काळं धरतं. आतूनही वॉटरप्रूफिंग हवं. साडेचार इंची भिंतीत मात्र कोनाडा कोरू नका, मागे काही उरतच नाही. बाहेरून पाऊस झोडपणाऱ्या भिंतीतही नको.

टाइल दुकानात पसंत करून लगेच गाडीत भरू नका. दुकानात पांढरेफटक दिवे असतात आणि घरात पिवळसर. दुकानातला सुंदर राखाडी रंग घरी चिखलासारखा दिसू शकतो. पसंत पडलेल्या प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन तुकडे घरी आणा. एक कोरडा ठेवा, एक ओला करा. सकाळी आणि रात्री बघा. ओल्या तुकड्यावर उभं राहून अंगठा घासा, घसरत असेल तर तो भिंतीसाठी. जमिनीला मॅट आणि १२ बाय १२ इंची टाइल घ्या. मोठी टाइल जाळीकडे चारी बाजूंनी उतरवता येत नाही, मग पाणी कोपऱ्यात थांबतं. अगदी काळी फरशी बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग दाखवते, अगदी पांढरी तांबडी माती आणि केस दाखवते. वाळूचा किंवा भुरकट दगडाचा रंग दोन्ही पोटात घालतो.

हिशेब असा: जमीन ३५ चौरस फूट. भिंतींचा घेर २४ फूट, ७ फूट उंचीपर्यंत १६८, त्यातून दाराचे साधारण १८ वजा, म्हणजे १५०. एकूण १८५ आणि तोडमोडीचे दहा टक्के धरून २०५ चौरस फूट. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते बघा, आणि एक खोकं जास्तीचं घेऊन माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी तीच छटा मिळत नाही.

प्रश्न : मागच्या वर्षीच बाथरूम नवं केलं. आता खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली आहे. गवंडी म्हणतो, ॲसिडने सांधे धुऊन पांढरं सिमेंट भरतो, थांबेल. थांबेल का? (शहापूर)

उत्तर : नाही थांबणार. टाइल आणि सांधे पाणी अडवत नाहीत, पाणी अडवतो त्यांच्याखालचा थर. ॲसिडने उलट सांध्यांतलं उरलंसुरलं सिमेंट खाल्लं जाईल. पण फोडाफोडीआधी गळती कुठली ते शोधा, त्याला पैसे लागत नाहीत.

दोन दिवस बाथरूम पूर्ण बंद ठेवा, नळ मात्र चालू दाबावर असू द्या. खालची ओल तेवढीच राहिली किंवा वाढली तर भिंतीतला पाण्याचा पाइप गळतोय. ओल कमी झाली तर जमीन किंवा सांडपाण्याचा पाइप. आता जाळीत कापडाचा बोळा घट्ट बसवून जमिनीवर इंचभर पाणी भरा आणि चोवीस तास ठेवा. खाली ओल आली तर जमीन फुटकी. नाही आली, तर बोळा काढून जाळीत चार बादल्या ओता. तेव्हा आली तर ट्रॅपचा, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या भागाचा, सांधा सुटलेला आहे आणि तुमचं काम थोडक्यात भागलं: जाळीभोवती फूटभर फोडून ट्रॅप नव्याने बसवा.

जमीनच फुटकी निघाली तर सगळं उकरावं लागेल. दुसऱ्यांदा खर्च नको असेल तर क्रम चुकवू देऊ नका. आधी पाण्याच्या पाइपांची हातपंपाने १० किलो दाबावर दोन तास चाचणी, काटा खाली येता कामा नये. मग स्लॅब खरवडून स्वच्छ. पाइप जिथून स्लॅबमधून जातात ती भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या मालाने) भरायची. साध्या मालाने भरली तर तो सुकताना आकसतो आणि पाइपाभोवती केसाएवढी फट राहते. दहापैकी बऱ्याच गळत्या तिथल्याच असतात. जमीन-भिंतीच्या कोपऱ्यात दोन इंचांचा अर्धगोल वाटा काढायचा, कारण काटकोनात कोटिंग तुटतं. त्यावर पॉलिमर-सिमेंट कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. भिंतींवर फूटभर, शॉवरच्या कोपऱ्यात सहा फुटांपर्यंत. कोपऱ्यांत फायबरची जाळी पहिल्या हातातच दाबून बसवायची. दोन-तीन दिवस वाळल्यावर दोन इंच पाणी भरून ४८ तास. या ४८ तासांत खालच्या शेजाऱ्यांना सोबत घेऊन छत बघा, पुढची भांडणं वाचतात.

मग भराव. आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. खोलगट स्लॅबमध्ये विटांचे तुकडे भरतात, वर उताराचा माल टाकतात आणि थेट टाइल लावतात. सांध्यांतून झिरपलेलं पाणी त्या भरावात महिनोन्‌महिने तळ्यासारखं साठतं. भरावाच्या वर, टाइलच्या खाली, कोटिंगचा दुसरा थर हवाच. उतार सात फुटांना एक इंच, शॉवरच्या भागात चार फुटांना एक इंच. गवंड्याला ‘उतार दे’ एवढंच म्हणू नका, दोरी आणि पाणसळ लावून मोजून घ्या.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर ती धरत नाही. पॉलिमरचं ॲडहेसिव्ह दात्यांच्या थापीने पूर्ण पसरून लावायचं. मागे पाच लाडू थापून लावलेली टाइल ठोकली की पोकळ वाजते, आणि त्या पोकळीत पाणी राहतं. सांधा २-३ मिलिमीटर, त्यात इपॉक्सी ग्राउट. अर्ध्या तासाच्या आत पुसलं नाही तर त्याचा धुरकट थर टाइलवर कायमचा बसतो, म्हणून एका वेळी थोडंच कालवायचं. एवढ्या कामाला अडीच आठवडे धरा. आठवड्यात उरकून देणारा यातलं काहीतरी गाळणार. आणि पावसाळ्यात काढू नका, कोटिंग वाळत नाही. जानेवारी ते एप्रिल उत्तम.

प्रश्न : आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, मंगळुरी कौलांचं. न्हाणीघर अंधारं आहे, भिंतीला हिरवट धरतं. चिरा उघडाच ठेवून ते सुंदर करता येईल का? (जांबोटी, ता. खानापूर)

उत्तर : करता येईल, आणि शहरातले लोक पैसे टाकून जे रूप आणू बघतात ते तुमच्याकडे आयतं आहे. जांभा पाणी पितो आणि तसंच सोडतोही. अडचण येते ती सोडायची वाट बंद केल्यावर. चमकदार वॉर्निश मारलं की आतलं पाणी अडकतं, पापुद्रे निघतात. सिमेंटचे कडक दरजे भरले की ओल सांध्याऐवजी चिऱ्यातून बाहेर पडते आणि चिराच झिजतो. दरजे उकरून चुन्याचे भरा, एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली वाळू.

हिरवट थर काथ्याच्या ब्रशने कोरडाच घासा. मग घरगुती ब्लीच एक भाग, पाणी चार भाग असं लावून पंधरा मिनिटांनी धुवा. ब्लीचमध्ये किंवा त्याच्या आगेमागे ॲसिड अजिबात नको, क्लोरीन वायू होतो आणि कोंदट न्हाणीघरात तो जीवघेणा ठरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये चिरा खडखडीत वाळला की सिलेन-सिलॉक्सेन प्रकारचं, श्वास घेऊ देणारं सीलर मारा. पहिला हात ओला असतानाच दुसरा. आधी फूटभर जागेवर करून बघा. पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला आणि चिऱ्याचा रंग काळवंडला नाही, तर पुढे जा. अंगावर पाणी घेता त्या कोपऱ्यात मात्र उघडा चिरा ठेवायचा हट्ट सोडा. तिथे सहा फुटांपर्यंत गिलावा आणि टाइल किंवा घोटीव दगड, बाकी तिन्ही बाजू चिऱ्याच्या.

अंधारावर उपाय कौलातच आहे. मंगळुरी कौलाच्याच आकाराची काचेची कौलं मिळतात. उत्तरेच्या उतारावर दोन किंवा तीन बसवा. दक्षिणेला बसवलीत तर एप्रिलात आत भट्टी होईल. वानरांचा वावर असेल तर वरून जाळी हवी. वारा खेळण्यासाठी दाराच्या तळाशी सहा इंचांची एक जाळी आणि समोरच्या भिंतीत आढ्याजवळ दुसरी. गार हवा खालून येते, वाफ वरून जाते, पंखा लागत नाही. खानापूर भाग मातीकामासाठी नावाजलेला, तेव्हा भाजक्या मातीची जाळी घेतलीत तर चिऱ्याशेजारी शोभून दिसेल. भाजक्या मातीची फरशी मात्र ओल्या भागात नको, ती साबणाचं पाणी पिऊन बसते.

आणि मूळ दुखणं बाहेरचं असतं. पागोळी भिंतीपासून अडीच फूट तरी लांब पडायला हवी. ती भिंतीलगत पडत असेल तर आतून काहीही करा, श्रावणात हिरवं येणारच.

प्रश्न : जुन्या घरांत असतो तसा लाल ऑक्साइडचा कोबा हॉलमध्ये करायचा आहे. काहीजण म्हणतात, हमखास तडा जातो. बाथरूममध्येही चालेल का? (निपाणी)

उत्तर : तडा ऑक्साइडमुळे जात नाही, घाईमुळे जातो. खालचा थर एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, इंचभर. तो पुरता वाळायच्या आत, त्याच दिवशी, वरचा लाल थर बसला पाहिजे. दुसऱ्या दिवशी टाकलेला थर खालच्याला धरत नाही, पापडासारखा सुटतो. लाल थर ३ मिलिमीटरचा. वजनाने दहा भाग सिमेंटला एक भाग ऑक्साइड, त्याहून जास्त घातलं तर पृष्ठभाग ठिसूळ होतो. १० बाय १२ च्या हॉलला साधारण एक पोतं सिमेंट आणि पाच किलो ऑक्साइड. सगळं एकदमच कोरडं मिसळून तीनदा चाळून ठेवा. अर्ध्यावर दुसऱ्यांदा मिसळलंत की रंगाची सीमारेषा आयुष्यभर दिसते.

चार-चार फुटांवर काचेच्या पट्ट्या आधीच बसवून चौकोन पाडा. सिमेंट आकसणारच, ते पट्टीशी आकसू द्यायचं. लोखंडी थापीने घोटताना पाणी सुटलं म्हणून वरून कोरडं सिमेंट भुरभुरू देऊ नका, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे येतात ते त्यानेच. निपाणीचा उन्हाळा आणि उघड्या खिडक्या हे या कामाचे शत्रू. खिडक्यांना ओली गोणपाटं लावा. दुसऱ्या दिवसापासून कडेने मातीचे बांध घालून आठ-दहा दिवस पाणी उभं ठेवा. नुसतं शिंपडलं तर कुठे ओलं, कुठे कोरडं होऊन पांढरे चट्टे येतात. तीन आठवड्यांनी मेण. जुन्या कोब्यांची झळाळी रोजच्या पुसण्याने आलेली असते, ती पहिल्या महिन्यात मागू नका.

बाथरूमच्या ओल्या भागात नको. साबण पडला की घोटलेला कोबा बर्फ होतो. बेसिनचा ओटा किंवा कोरडा भाग करा, खुशाल.

प्रश्न : बाथरूम लहान आहे, ४ बाय ६. गॅस गीझर आत बसवला तर जागा वाचेल ना? (अनगोळ)

उत्तर : बसवू नका. गॅस जळताना बंद खोलीतला प्राणवायू संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, अंग गळतं आणि कडी काढायलाही हात उठत नाही. छोटी खिडकी उघडी ठेवतो म्हणून चालत नाही. थंडीत ती बंद होतेच. गॅस गीझर उघड्या बाल्कनीत, आतमध्ये फक्त गरम पाण्याचा पाइप. तशी जागा नसेल तर १५ लिटर, २ किलोवॅटचा विजेचा गीझर. वीस अंशांचं पाणी पन्नासवर न्यायला त्याला पंधरा-सोळा मिनिटं लागतात. त्याला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), या तिन्ही गोष्टी वायरमनकडून करून घेतल्याशिवाय बटण दाबू नका.

प्रश्न : चुना, लिंबू, बाजारातलं क्लीनर, सगळं वापरलं. नळाचे पांढरे डाग जातात, पण बेसिनखालचा काळा कडप्पा पांढुरका झाला. (चिकोडी)

उत्तर : कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. नळावरचा थरही बोअरच्या पाण्यातला चुनाच. म्हणजे लिंबाने नळावरचा डाग खाल्ला, तसाच ओघळ खाली जाऊन दगडही खाल्ला. हा डाग नव्हे, दगडाची वरची झिलई गेलेली आहे. पुन्हा पॉलिश करणाऱ्याकडूनच ती येईल. यापुढे नळासाठी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भिजवलेलं फडकं पंधरा मिनिटं गुंडाळा. खाली जुना टॉवेल अंथरा. काळ्या किंवा सोनेरी मुलाम्याच्या नळांना तेही नको. दगडाला साधं साबणपाणी. अंघोळीनंतर रबरी वायपर फिरवायची सवय लागली की या प्रश्नातला निम्मा भाग मिटतो.

प्रश्न : सगळं चकचकीत केलं, पण सुट्टीवरून आलं की बाथरूममध्ये दुर्गंधी. डांबरगोळ्या टाकून थकलो. (सदाशिवनगर)

उत्तर : जमिनीतल्या जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्याला प्लंबर ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचं नाव तिथे अजून टिकून आहे. त्यात दोन इंच पाणी उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. सुट्टीत ते आटतं. जाण्याआधी तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाद्यतेल ओता, तेलाच्या थरामुळे पाणी उडत नाही. सुट्टी नसतानाही वास येत असेल तर फ्लश केल्यावर जाळीत गुडगुड आवाज होतो का ऐका. होत असेल तर ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं जातंय. सांडपाण्याच्या पाइपाला वर हवेची नळी नाही किंवा ती बुजली आहे.

प्रश्न : आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिच्यासाठी धरायच्या दांड्या लावायच्या आहेत, पण घराचं हॉस्पिटल वाटू नये. (हल्याळ)

उत्तर : दांडी वेगळी दिसते म्हणून हॉस्पिटल वाटतं. टॉवेलचा रॉड, साबणाचं शेल्फ आणि दांडी एकाच धातूची, एकाच ओळीत घ्या. टॉवेलचा रॉडसुद्धा धरायच्या ताकदीचाच लावा, कारण तोल गेला की माणूस जवळचं काहीही धरतो. उंची ३३ ते ३६ इंच, पण आईंना उभं करून त्यांच्या मनगटाच्या रेषेत खूण करा आणि मगच भोक पाडा. प्लास्टिकच्या गिट्ट्यांवर विसंबू नका, भरीव विटेत अँकर बोल्ट हवेत. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर तिथे काँक्रीट भरून घ्या. लावल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने लटकून बघावं. कमोडची बैठक १७ ते १९ इंच. दार बाहेर उघडणारं करा: आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं. रात्रीसाठी जमिनीपासून फूटभर उंचीवर अर्ध्या वॉटचा पिवळसर दिवा कायम चालू. मोठा दिवा लावला की झोप उडते, न लावला तर पाय अडखळतो.

आरशाच्या दिव्याचंही याच पत्रात विचारलं आहे. डोक्यावर एकच दिवा असला की डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि माणूस रोज सकाळी आजारी दिसतो. आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला, ५-५ वॉटचे, ३००० केल्विनचे (पिवळसर उजेडाचे) दिवे घ्या. खोक्यावर ‘आयपी ४४’ लिहिलेलं असावं, म्हणजे शिंतोडे चालतात.

प्रश्न : हॉल १० बाय ११ चा, खर्च फार करायचा नाही. खणाचं कापड वापरून काही करता येईल का? दुकानदार म्हणतो पडदेच शिवा. (वडगाव)

उत्तर : सबंध पडदे खणाचे नकोत. गुळेदगुड्डच्या खणाचा पन्हा अरुंद, त्यामुळे चार फुटांच्या खिडकीला जोड देत बसावं लागेल, आणि एवढा मोठा लखलखता तुकडा लहान खोलीत सतत ओरडत राहतो. पडदा जाड सुती, कोऱ्या रंगाचा घ्या. चुण्या नीट पडायला खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट कापड लागतं, म्हणजे चार फुटांना आठ ते दहा फूट. पडद्याची दांडी चौकटीवर नाही, छताखाली चार इंचांवर लावा आणि पडदा जमिनीपासून अर्धा इंच वर सोडा. खोली उंच दिसते. त्या पडद्याला खालून सहा इंचांचा खणाचा काठ, आणि दिवाणावर दोन उशा त्याच खणाच्या. बास. वडगाव-शहापुरात मागावरच्या लुगड्यांचे काठ सुटे मिळाले तर तेही चालतील, पण मग खण नको, दोन्ही एकत्र भांडतात.

शिवण्याआधी कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्याने दाबून बघा. रंग फडक्यावर उतरला तर काठ कायमचा शिवू नका, टिचबटणांवर लावा. पडदा धुवायच्या दिवशी काठ काढून ठेवता येतो.